प्रकाश आणि रेणु यांच्या तीन भेटी

पुणें जिल्ह्यांत शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. तिच्या कांठीं, शिरूर तालुक्याच्या बाजूस, मांडवगण फराटा हें गांव आहे. गांवाच्या सभोंवार उसाचे मळे पसरलेले आहेत. आमचा एक विद्यार्थी याच गांवचा. दिवाळीची सुटी संपवून तो शाळेंत परत आला, तेव्हां विज्ञानाच्या तासास त्यानें एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां आमचे चार तास खर्चीं पडले, तरीही तें पुरें झालें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर लिहून काढण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तें वाचावें, आणि घरीं वडीलधाऱ्या मंडळींसही वाचून दाखवावें, अशी आमची विनंति आहे.

प्रश्न असा होता. ऊस तोडणीस आला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक गृहस्थ त्यांच्या मळ्यांत आले होते. त्यांनीं एका कांड्यास टोंचून रसाचे दोनचार थेंब काढले, वीतभर लांबीच्या एका नळीच्या टोंकाशीं असलेल्या कांचेवर ते ठेविले, नळी उजेडाकडे धरून आंत पाहिलें आणि एक आंकडा उच्चारून सांगितलें, "अजून तीन आठवडे थांबा." मुलाच्या वडिलांस हें पटलें नाहीं. ते म्हणाले, "जिभेला रस लागल्याबिगर गोडी कळती व्हय? उजेडाला काय ठावं, उसांत साखर किती ती?" थांबावें, तर त्या रानांत गहूं पेरण्याची वेळ टळून जाते, न थांबावें, तर अपुऱ्या साखरेचा ऊस गाडींत भरला जातो. अशा पेंचांत सांपडलेल्या माणसानें शंका काढली, तर ती वावगी म्हणतां येणार नाहीं. मुलाचा प्रश्न मात्र चारच शब्दांचा होता: "उजेडास साखर कळते का?"

आमचें उत्तर असें कीं, होय, कळते. परंतु ती कशी कळते हें समजण्यासाठीं प्रकाश आणि पदार्थाचे रेणु यांची भेट होते तेव्हां काय घडतें, हें पाहिलें पाहिजे. ही भेट तीन प्रकारची असते. प्रकाश कधीं रेणूंच्या दारावरून वाटसरूप्रमाणें जातो. कधीं पाहुण्याप्रमाणें आंत येऊन आपली शिदोरी तेथेंच ठेवतो. आणि कधीं, फार विशेष परिस्थितींत, तो रेणूशीं असा एकजीव होतो कीं, दोघांचा मिळून एक नवाच संसार उभा राहतो. पहिल्या दोन भेटी उसाच्या मळ्यांत रोज घडतात. तिसरी मात्र मनुष्यानें अलीकडेच प्रयोगशाळेंत घडवून आणिली आहे.

१. वाटसरू

पेल्यांतील पाण्यांत तिरपी ठेविलेली काडी मोडल्यासारखी दिसते, हें सर्वांस ठाऊक आहे. प्रकाश हा विद्युत् व चुंबकशक्ति यांचा एक तरंग आहे. तो पाण्यांत शिरला म्हणजे पाण्याच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन हलवीत हलवीत पुढें जातो. हे इलेक्ट्रॉन स्वतः हलूं लागले कीं, तेही आपला लहानसा तरंग सोडतात. मूळचा तरंग व हे असंख्य लहान तरंग मिळून जो एक तरंग बनतो, त्याची चाल मंद होते, आणि चाल बदलली कीं वाट वांकते. हवेपेक्षां पाण्यांत प्रकाशाची चाल किती मंदावते हें दाखविणारा आंकडा सुमारें १.३३३ आहे. शंभर भाग द्रावणांत वीस भाग साखर असेल, तर तो सुमारें १.३६४ होतो. फरक अल्प दिसतो. परंतु नळींतील मोजपट्टीवर अंधार व उजेड यांची सीमारेषा त्यामुळें चांगली सरकते. मळ्यांत आलेल्या गृहस्थांनीं हीच रेषा पाहिली. या मोजणीस ब्रिक्स असें म्हणतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही नळी रसांत विरघळलेले सर्व पदार्थ मोजते. त्यांत साखर असते, तसे क्षारही असतात. मग निव्वळ साखर कशी ओळखावी? त्यासाठीं प्रयोगशाळेंत दुसरें एक यंत्र असतें. त्यास ध्रुवणमापक म्हणतात.

सामान्य प्रकाशाचीं कंपनें सर्व दिशांनीं होत असतात. एका विशिष्ट पापुद्र्यांतून तो गेला, म्हणजे एकाच दिशेचीं कंपनें पलीकडे निघतात. कुंपणाच्या उभ्या पट्ट्यांमधून दोरी ओवून ती हलविली, तर उभी लाट पलीकडे जाते व आडवी अडते, तसाच हा प्रकार आहे. असा गाळलेला प्रकाश साखरेच्या पाण्यांतून सोडला, तर त्याच्या कंपनाची दिशा हळूहळू उजवीकडे वळत जाते. साखरेच्या रेणूंत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ व ऑक्सिजनचे ११ अणु असतात, आणि त्यांची रचना हातमोज्यासारखी एकाच हाताची असते. उजव्याचा डावा होत नाहीं. म्हणूनच प्रकाश एका बाजूस वळतो. द्रवांचा हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनीं १८१५ सालीं दाखवून दिला. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यांत विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलें आणि तें २० सेंटिमीटर लांबीच्या नळींत भरलें, तर पिंवळ्या प्रकाशाची दिशा सुमारें ३४.६ अंश वळते. साखर निम्मी, तर वळणही निम्में. याच नियमावर साखरेच्या कारखान्यांतील मोजणी चालते.

तोडलेला ऊस उन्हांत पडून राहिला, तर साखरेचे रेणु फुटून त्यांचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. या मिश्रणांतून जाणारा प्रकाश उलट डावीकडे वळतो. त्यामुळें शिळ्या उसाचा आंकडा खालीं येतो. जिभेस तो रस पूर्वीइतकाच गोड लागेल. परंतु त्यांतून दाणेदार साखर कमी निघेल. म्हणजे या एका बाबतींत तरी उजेडास जिभेपेक्षां अधिक कळतें, असें म्हणावें लागतें.

या दोन्ही भेटींत प्रकाश आला तसा निघून गेला. त्याची वाट वळली, कंपनाची दिशा वळली. परंतु त्यानें रेणूस कांहीं दिलें नाहीं व रेणूकडून कांहीं नेलें नाहीं.

२. पाहुणा

आतां रसाकडून पानाकडे वळूं. रसांतील साखर मुळांत आली कोठून? ती पानानें सूर्यप्रकाशाच्या बळावर घडविली.

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारें ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत असते. पानांतील हरितद्रव्याचा रेणु त्यांपैकीं मुख्यतः ४३० च्या आसपासचा निळाजांभळा व ६६० च्या आसपासचा तांबडा प्रकाश गिळतो. मधल्या हिरव्या प्रकाशापैकीं बराचसा परत फिरतो; म्हणून पान हिरवें दिसतें. असें कां व्हावें? रेणूंतील इलेक्ट्रॉनांस वाटेल त्या उंचीवर उभें राहतां येत नाहीं. जिन्याप्रमाणें त्यांस ठराविक पायऱ्या असतात. प्रकाशाच्या पुंजांतील शक्ति एका पायरीएवढी भरली, तरच इलेक्ट्रॉन वर चढतो. तंबोऱ्याची तार जवळच्या स्वराशीं जुळलेली असली, म्हणजे न छेडतांही गुणगुणूं लागते. बेसूर स्वरास ती दाद देत नाहीं. रेणूचेंही तसेंच आहे.

हें घरीं पाहतां येण्यासारखें आहे. पालकाचीं किंवा उसाचीं कोंवळीं पानें बारीक चिरून थोड्या स्पिरिटांत वाटावीं व तें पाणी गाळून कांचेच्या बाटलींत भरावें. स्पिरिट पेट घेतें, म्हणून चूल अथवा दिवा जवळ असूं नये, आणि कोणीतरी मोठें माणूस जवळ असावें. अंधाऱ्या खोलींत, नोटा पारखण्याच्या जांभळ्या बॅटरीचा झोत त्या हिरव्या पाण्यावर टाकावा. हिरवें पाणी तांबडें चमकूं लागतें! झोत मात्र बॅटरीचा असो वा कसलाही, कोणाच्याही डोळ्यांत जाऊं देऊं नये. येथें रेणूनें जांभळा प्रकाश घेतला, आंतल्या आंत थोडी शक्ति गमावली, आणि अवघ्या कांहीं नॅनोसेकंदांत उरलेली शक्ति तांबड्या प्रकाशाच्या रूपानें परत टाकली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

जिवंत पानांत मात्र ही शक्ति सहसा वायां जात नाहीं. तेथें हरितद्रव्याचे रेणु एकमेकांशेजारीं दाटीनें बसविलेले असतात. एकानें घेतलेली शक्ति तो शेजाऱ्यास देतो, शेजारी पुढच्यास. विहिरीवर रांग लावून घागरी हातोहात पुढें द्याव्या, तसें हें चालतें. तांबडा प्रकाश परत टाकला जाण्यापूर्वींच ती शक्ति मुख्य ठिकाणीं जाऊन पोंचते. सेकंदाचे एक हजार कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाच्या आसपास हें काम उरकतें. पुढें त्या शक्तीनें पाणी फुटतें, प्राणवायु बाहेर पडतो, आणि हवेंतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते.

या कामांत उसाचा मान मोठा आहे. १९६५ सालीं हवाई बेटांत कॉर्टशॅक व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलें कीं, उसाच्या पानांत हवेंतील कार्बन प्रथम चार कार्बन-अणूंच्या पदार्थांत जाऊन बसतो; इतर बहुतेक झाडांत तो प्रथम तीन कार्बन-अणूंच्या पदार्थांत जातो. ऑस्ट्रेलियांतील हॅच व स्लॅक यांनीं १९६६ पासून त्या मार्गाचा उलगडा केला. कडक उन्हांत ऊस इतका जोमानें वाढतो, याचें एक कारण हें आहे. मका व ज्वारी याच जातीचीं पिकें होत.

तात्पर्य, दुसऱ्या भेटींत प्रकाश आंत आला आणि राहिला. त्याची शिदोरी साखर होऊन कांड्यांत सांठली. पाहुणा म्हणून तो परत गेला नाहीं.

३. भागीदार

आतां तिसरी भेट. पाहुणा घरांत आला, शिदोरी ठेवली. परंतु अंगणाची दोन्ही दारें बंद असल्यामुळें त्यास बाहेर जातांच आलें नाहीं, तर काय होईल? हें समजण्यासाठीं प्रथम एक प्रयोग करावा.

दोन खांबांमध्यें एक दोरी किंचित् सैल आडवी बांधावी. तिला हातभर अंतरावर दोन सारख्या लांबीचे दोरे बांधून त्यांस सारख्या वजनाचे दोन दगड टांगावे. एक दगड आडव्या दोरीच्या काटकोनांत ओढून सोडावा. प्रथम तोच झुलेल. थोड्या वेळानें दुसरा आपोआप झुलूं लागेल, आणि पहिला थांबत थांबत अगदीं स्तब्ध होईल. मग पुन्हां पहिला झुलूं लागेल व दुसरा थांबेल. शक्ति या दगडाकडून त्या दगडाकडे येते आणि परत जाते. वर्गांत हा प्रयोग केला, तेव्हां मुलें तास संपल्यावरही उठावयास तयार नव्हतीं.

पुढें याहून महत्त्वाची गोष्ट पाहावी. दोन्ही दगड एकाच बाजूस ओढून एकदम सोडावे व एका मिनिटांतील झोके मोजावे. मग ते परस्परविरुद्ध बाजूंस ओढून सोडावे व पुन्हां मोजावे. पहिल्या वेळीं झोके थोडे कमी भरतात, दुसऱ्या वेळीं थोडे अधिक. दोन दगड एकएकटे असतां दोघांची गति एकच होती. जोडले जातांच एका गतीच्या दोन गति झाल्या, एक मंद व एक जलद. जोड जितकी घट्ट, तितकें या दोहोंतील अंतर मोठें. मात्र हवेच्या व दोरीच्या घर्षणानें झोका थांबण्यापूर्वीं ही देवघेव व्हावयास हवी. नाहीं तर कांहींच दिसणार नाहीं. जोड घर्षणावर मात करील इतकी बळकट असेल, तर तिला प्रबळ जोड म्हणावें.

आतां पहिल्या दगडाच्या जागीं प्रकाश व दुसऱ्याच्या जागीं रंगद्रव्याचे रेणु आहेत, अशी कल्पना करा. प्रकाशास डांबून ठेवण्यासाठीं चांदीचे दोन अत्यंत पातळ आरसे समोरासमोर ठेवितात. त्यांच्यामधील अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढें, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारें चारशेंव्या भागाइतकें असतें. मध्यें रंगद्रव्य मिसळलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आरशांचा स्वर रेणूंच्या स्वराशीं जुळविला, म्हणजे रेणु प्रकाश टाकतो, आरसे तो परत आणतात, रेणु पुन्हां घेतो. ही देवघेव इतक्या वेगानें चालते कीं, या क्षणीं शक्ति प्रकाशाकडे आहे कीं रेणूकडे, हा प्रश्नच निरर्थक होतो. दोघे मिळून जी नवी अवस्था होते, तिला पोलॅरिटॉन असें नांव आहे.

ही गोष्ट डोळ्यांस कशी पटावी? दगडांप्रमाणेंच येथेंही एकाचे दोन होतात. रेणु एकटा असतां प्रकाशपटांत ज्या ठिकाणीं त्याची एक काळी रेषा पडते, त्या ठिकाणीं आतां तिच्या दोन्ही बाजूंस दोन दिसतात. रेणूंची दाटी चौपट केली, तर या दोहोंतील अंतर दुप्पट होतें. नऊपट केली, तर तिप्पट. आणखी आश्चर्य असें कीं, ही जोड होण्यासाठीं बाहेरून दिवा लावावा लागत नाहीं. अगदीं अंधारांतही आरशांमधील पोकळी पूर्ण स्तब्ध नसते. तिच्यांत विद्युत्-शक्तीचें अत्यल्प कंपन सदैव राहतें, आणि जोड होण्यास तेंही पुरें होतें.

अर्धवाहक स्फटिकांत ही जोड १९९२ सालीं वाइसबुश व त्यांचे जपानी सहकारी यांनीं थंड तपमानांत दाखविली. सेंद्रिय रेणूंत ती प्रथम १९९८ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें लिड्झी व त्यांचे सहकारी यांनीं साध्या खोलीच्या तपमानांत दाखविली. त्यांनीं वापरलेलें रंगद्रव्य पॉर्फिरिन कुळांतील होतें. विद्यार्थ्यांनो, हें कुळ तुमच्या ओळखीचें आहे. उसाच्या पानांतील हरितद्रव्य आणि आपल्या रक्तास तांबडेपणा देणारें द्रव्य, हीं दोन्हीं त्याच कुळाचे नातलग होत. पुढें २०१४ सालीं हिरव्या गंधक-जीवाणूंच्या प्रकाश टिपणाऱ्या पिशव्या आरशांमध्यें ठेवून तेथेंही अशी जोड घडवून आणण्यांत आली. पानांत मात्र असे आरसे नसतात; म्हणून मळ्यांतील ऊस या तिसऱ्या भेटीवर वाढतो असें कोणीं समजूं नये.

याचा उपयोग काय?

पालक मंडळी हें विचारणारच, आणि त्यांनीं विचारावें. २०१० सालीं अँथ्रासीन या, डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या स्फटिकांत पोलॅरिटॉनांच्या द्वारें लेसरसारखा प्रकाश मिळविण्यांत आला. २०१४ सालीं एका प्लास्टिकच्या पापुद्र्यांत, खोलीच्या तपमानांत, असंख्य पोलॅरिटॉन एकाच अवस्थेंत एकवटलेले दिसले. असें एकवटणें शक्य आहे याचें गणित ज्या विचारावर उभें आहे, तो आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनीं १९२४ सालीं मांडला होता. थोड्या विजेंत चालणारे दिवे व यंत्रें, आणि रेणूंच्या रांगेंतून शक्ति अधिक दूरवर पोंचविणें, या दिशेनें आज शोध चालू आहेत.

एक गोष्ट मात्र जपून सांगावयास पाहिजे. २०१२ सालीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें एब्सन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, आरशांमध्यें ठेविलेल्या एका रंगद्रव्याची रासायनिक क्रिया मंदावते. या वार्तेनें रसायनशास्त्रांत मोठी खळबळ उडाली. केवळ दोन आरसे लावून रासायनिक क्रिया आपल्या इच्छेप्रमाणें वळवितां येतील, अशी आशा वाटूं लागली. आपल्या देशांतही मोहाली येथील विज्ञानसंस्थेंत या विषयावर काम झालें आहे. परंतु या शाखेंतील पुढील कांहीं प्रयोग इतरांनीं पुन्हां करून पाहिले, तेव्हां सर्वांस सारखेंच फळ मिळालें नाहीं. त्यावर आज वाद चालू आहे. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. एकानें सांगावें, दुसऱ्यानें करून पाहावें, आणि न जुळल्यास तसें उघड म्हणावें, हीच शास्त्राची रीत आहे. उद्यां कोणी गांवांत येऊन "प्रकाशशक्तीचें" औषध उसावर फवारण्यास विकूं लागला, तर त्यास हाच प्रश्न विचारावा: हें दुसऱ्या कोणीं करून पाहिलें आहे काय, आणि त्यास काय आढळलें?

आतां त्या मांडवगणच्या पालकांविषयीं सांगून हा लेख पुरा करतों. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं ते शाळेंत आले होते. विद्यार्थ्यांनीं टेबलावर दोन ध्रुवणाचे पापुद्रे असे मांडले होते कीं, त्यांतून उजेड मुळींच येऊं नये. मध्यें साध्या पाण्याची बरणी ठेविली, अंधार तसाच राहिला. साखरेच्या दाट पाकाची बरणी ठेवितांच उजेड आला, आणि पुढचा पापुद्रा फिरवितांना निळा, पिंवळा, तांबडा असे रंग एकामागून एक दिसूं लागले. कारण प्रत्येक रंग साखरेंत निरनिराळ्या मानानें वळतो. त्या गृहस्थांनीं पापुद्रा स्वतःच्या हातानें दोनतीन वेळां फिरवून पाहिला. मग ते म्हणाले, "आतां माझ्या उसाचा रस घाला." रस त्यांनीं बरोबर आणिला होता. तो गढूळ असल्यामुळें कांहींच नीट दिसेना. प्रयोगशाळेंत तो आधीं औषध घालून निवळून घ्यावा लागतो, आणि तें औषध शाळेंत ठेवण्यासारखें नाहीं, हें आम्हीं त्यांस मोकळेपणानें सांगितलें. ते थोडा वेळ उगे राहिले व म्हणाले, "बरं झालं गुरुजी. पुढल्या वक्ताला तो नळीवाला आला, म्हंजी इचारीन त्याला, कीं बाबा, तुझा आंकडा निस्त्या साखरंचा, का रसांत जें जें इरघळलंय त्या समद्याचा?"

हा प्रश्न विचारावयास त्यांस आम्हीं शिकविलें नव्हतें. तो त्यांचा त्यांनींच काढला. आमच्या विद्यार्थ्यांनींही, कोणतेंही यंत्र पुढें आलें म्हणजे, तें नेमकें काय मोजतें हें प्रथम विचारण्याची संवय लावून घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.